मशेरी आणि पोटातलं बाळ

पनवेलच्या आसपासच्या गावांत गरोदर बाईला ‘सिगारेट ओढता का?’ विचारलं, तर उत्तर बहुधा ‘नाही’च येईल. विचारायला हवं मशेरीबद्दल. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि सकाळी बोटाने दातांना घासायची. थुंकून टाकली, तरी निकोटीन तोवर हिरड्यांतून रक्तात गेलेलं असतं.

निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. वारेतून बाळाला मिळणारं रक्त घटतं, म्हणजे ऑक्सिजनही आणि अन्नही. शिवाय निकोटीन वार ओलांडून बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतं, तेही मेंदू घडत असताना. विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडची भर पडते, म्हणून नवऱ्याने घरात ओढलेली विडीही बाळाला बाधते.

डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांची पाहणी केली. ती २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. अशक्त बाळाला १०५ ग्रॅम फार मोठे असतात! अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या मुलांत पुढे बोलणं, शिकणं मागे पडण्याचा धोकाही जास्त.

गरोदरपणी मशेरी कधीही सोडली तरी फायदाच. मदतीला १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे. सासूबाईंनीही सुनेसोबत मशेरी सोडली, तर तिला ते कितीतरी सोपं जाईल.