शेजाऱ्याचा धर्म आणि शेजारधर्म

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत घरं भिंतीला भिंत लागून आहेत. एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात कळते. अशा वस्तीत वाढलेल्या माणसाला शेजार शिकवावा लागत नाही. पण ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्या शेजाराचा विषय निघाला की कोल्हापुरातही ठरीव समज ऐकू येतात. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान 11.54 टक्के, तर ख्रिस्ती जेमतेम 0.96 टक्के. दोघांची एकमेकांशी प्रत्यक्ष ओळख व्हावी असे प्रसंगच थोडे. मग मोबाइलवर आलेला मजकूर खरा वाटू लागतो.

गैरसमज: शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा आपापल्या धर्मबांधवांपुरतीच आहे.

वस्तुस्थिती: दोन्हीकडची मूळ शिकवण याच्या उलट आहे. ‘माझा शेजारी कोण?’ असं एका शास्त्र्याने विचारलं, तेव्हा येशूने एक गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटसरूला लुटारूंनी अर्धमेला करून टाकलं. याजक बाजूने निघून गेला, मंदिराची सेवा करणारा लेवीही गेला. थांबला तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी ज्याच्याशी संबंधच ठेवला नव्हता अशा समाजातला माणूस. त्याने जखमा बांधल्या, जखमीला उतारशाळेत नेलं आणि खर्चही स्वतः दिला. शेजारी ठरला तो हा परका.

कुराणातल्या अन-निसा या सूरहच्या, म्हणजे अध्यायाच्या, 36व्या आयतीत जवळच्या आणि परक्या, अशा दोन्ही शेजाऱ्यांशी चांगलं वागायला सांगितलं आहे. पैगंबरांचे सहकारी अब्दुल्लाह इब्न अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा ते घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले, की आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पोचला का? शेजाऱ्याविषयी देवदूत जिब्रीलने इतकं बजावलं, की आता त्याला वारसाहक्कही मिळेल असं वाटलं, हे पैगंबरांचं सांगणं त्यांनी ऐकलेलं होतं. ही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची ही आठवण, मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात उपदेश थेट स्वयंपाकघरात पोचतो.

गैरसमज: मुसलमान येशूला मानत नाहीत.

वस्तुस्थिती: मानतात. हजरत ईसा हे इस्लाममधले थोर पैगंबर आहेत, आणि त्यांच्या आईच्या नावाची, मरियमची, स्वतंत्र सूरह कुराणात आहे.

पण एवढं कळलं की लगेच ‘म्हणजे दोन्ही धर्म एकच’ असं म्हटलं जातं, आणि हा गैरसमज मला अधिक नुकसान करणारा वाटतो. ख्रिस्ती श्रद्धा येशूच्या क्रूसावरील मरणावर आणि पुनरुत्थानावर उभी आहे. बहुतेक मुसलमान ईसांना क्रूसावर मरण आलं असं मानत नाहीत, आणि त्यांना देवाचा पुत्र म्हणणं इस्लामला मान्य नाही. ख्रिस्ती लोक मुहंमदांना पैगंबर मानत नाहीत. हे फरक खरे आहेत. ते पुसल्याशिवाय प्रेम करता येणार नसेल, तर ते प्रेम आपण कल्पनेतल्या माणसावर करतो, शेजारच्या नव्हे. 2007 मध्ये 138 मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना खुलं पत्र लिहिलं, त्याचा आधार देवावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम हाच होता. आपले मतभेद मिटले असा दावा त्यांनी केला नव्हता.

गैरसमज: एका धर्माच्या संस्था त्याच धर्माच्या माणसांसाठी.

वस्तुस्थिती: आपल्याच भागात पाहा. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. न्यू शाहूपुरीतलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाचं. पुढे मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशनचं रुग्णालय उभारलं. मिशनऱ्यांना धर्मप्रसार करायचा होता, हे लपवायचं कारण नाही. पण ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या या गावात रुग्णालयाचा दरवाजा सगळ्या धर्मांच्या रुग्णांना उघडा होता. शाहू महाराजांनी 1906 मध्ये मुस्लिम शिक्षणासाठी पुढाकार घेतला. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग त्यातूनच उभं राहिलं. ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या वसतिगृहालाही त्यांनी हात दिला. स्वतः महाराज यांपैकी कोणत्याच धर्माचे नव्हते! आणि अलीकडचं सांगायचं तर 2020 च्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने 36 लाख रुपये जमवून आयजीएम या सरकारी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. त्या खाटा कुणा एका समाजासाठी राखून ठेवलेल्या नव्हत्या.

गैरसमज: मुसलमानांना ख्रिस्ती घरचं काही चालत नाही.

वस्तुस्थिती: कुराणाच्या पाचव्या सूरहमध्ये ग्रंथधारकांचं, म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती यांचं अन्न वैध म्हटलं आहे. डुकराचं मांस आणि दारू मात्र वर्ज्य. मांसाच्या बाबतीत अनेक घरांत हलालचा कटाक्षही असतो. नाताळच्या फराळातली करंजी, चकली, शंकरपाळी द्यायला अडचण नाही. केकमध्ये रम किंवा वाइन असेल तर तो देऊ नये, किंवा आधी स्पष्ट सांगावं. ईदचा शिरखुर्मा ख्रिस्ती घरात आनंदाने खाता येतो. शंका असेल तर शेजाऱ्यालाच विचारा. त्याचा धर्म काय सांगतो हेही मोबाइलवर शोधण्याआधी त्याच्याच दारात जाऊन विचारा, आणि तो सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या.