परसातील केळ आणि शेतातील केळ

पश्चिम आफ्रिकेच्या दमट किनारपट्टीत, विशेषतः दक्षिण नायजेरिया, घाना, आयव्हरी कोस्ट व कॅमेरून या देशांत, केळे हे केवळ फळ नव्हे, ते रोजचे अन्न आहे. आपल्याकडे जिला राजेळी व केरळात जिला नेंद्रन म्हणतात, त्याच कुळातील ही केळ होय. तिच्या फळात पिष्टाचा अंश अधिक असल्याने ती उकडून, भाजून, तळून अथवा वाळवून पीठ करून खाल्ली जाते. नायजेरियात तळलेल्या चकत्यांना ‘डोडो’ व निखाऱ्यावर भाजलेल्या केळ्याला ‘बोली’ असे नाव आहे. या पिकाचे विस्तीर्ण मळे तेथे क्वचितच आढळतात. बाजारात येणारा बहुतेक माल अल्पभूधारकांच्या तुकड्यांतून व घराच्या परसांतून येतो.

या शेतकऱ्यांपुढे एक जुने कोडे आहे. रान तोडून नव्याने मोकळ्या केलेल्या जमिनीत लावलेली केळ पहिल्या वर्षी उत्तम घड देते. दुसऱ्या वर्षी घड लहान होतो, झाडे वाऱ्याने उन्मळू लागतात आणि एक-दोन पिकांनंतर ती जागा सोडून द्यावी लागते. उलट त्याच शेतकऱ्याच्या घरामागे, त्याच जातीचे बेट वर्षानुवर्षे, कधी कधी दोन पिढ्या, घड देत राहते. बियाणे एक, पाऊस एक, माणूसही एकच. मग फरक कशाचा?

नायजेरियातील इबादान येथे 1967 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने पोर्ट हारकोर्टनजीकच्या ओने येथील आपल्या केंद्रात या प्रश्नाचा दीर्घकाळ अभ्यास केला. उत्तर बरेचसे उकिरड्यात सापडले. केळीच्या बुडाशी दररोज अंगणाचा केर, चुलीतील राख, फळांच्या साली, शेळ्या-कोंबड्यांची विष्ठा आणि भांडी धुतलेले पाणी पडत असते. कोणीही त्याला खत म्हणत नाही, किंबहुना घर स्वच्छ ठेवणे एवढाच त्यामागील हेतू असतो. परंतु केळीला ज्याची सर्वाधिक भूक, ते पालाश राखेतून मिळते, नत्र विष्ठेतून मिळते, आणि सदैव कुजत असलेला थर माती थंड व भुसभुशीत ठेवतो.

हा थर एवढा महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी केळीची मुळे पाहावीत. ती जाड, ठिसूळ व विरळ असून बहुतेक जमिनीच्या वरच्या हातभर थरातच पसरतात. रान तोडल्यानंतर उघड्या पडलेल्या जमिनीतील सेंद्रिय द्रव्य उन्हापावसाने झपाट्याने नाहीसे होते. माती घट्ट व आम्ल होते, मुळांना फाटे फुटत नाहीत, आणि वरून घातलेले रासायनिक खतही पावसाबरोबर वाहून जाते. याच वेळी कंद पोखरणारा सोंडकिडा व मुळे कुजविणारे सूत्रकृमी आपले काम करीत असतात. शिवाय प्रत्येक नवा कंद आधीच्या कंदापेक्षा थोडा वर वाढतो. काही वर्षांत बेट जमिनीच्या वर येते व घडाच्या भाराने कोसळते. परसात टाकलेला केर हे बेट नकळत झाकीत असतो.

परसातील बेटाचा आणखी एक लाभ सहसा हिशेबात धरला जात नाही. तेथे लहानमोठी झाडे एकत्र असल्याने वर्षातून अनेक वेळा घड मिळतो. एकाच पावसाळ्यात लावलेल्या शेतातील घड मात्र एकदमच तयार होतात. केळे साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे बाजार भरला की भाव पडतो.

मग सारे शेतच परसासारखे का करू नये? येथे खरी अडचण आहे. एका घरचा केर काही मोजक्या बेटांनाच पुरतो. 3 मीटर बाय 2 मीटर अंतराने लावल्यास हेक्टरी सुमारे 1,667 झाडे बसतात. इतक्यांना पुरेल एवढे गवत वा पाला कापून, वाहून आणणे लहान कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ओने येथे केळीच्या ओळींमध्ये झुडपांचे कुंपण लावून त्याची छाटणी बुडाशी पसरण्याचे प्रयोग झाले. पण छाटणीलाही मजूर लागतातच. यास्तव थोडी झाडे, पण नीट झाकलेली, हाच मार्ग अल्पभूधारकास अधिक परवडणारा दिसतो.

लागवडीपूर्वीचा एक उपाय मात्र जवळजवळ बिनखर्चाचा आहे. मुनव्याच्या कंदावरील मुळे व काळी साल पांढरा भाग दिसेपर्यंत तासून काढावी, म्हणजे किडीची अंडी व पोखरलेला भाग निघून जातो. पूर्वी असे कंद 52 ते 55 अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात वीस मिनिटे ठेवण्याची शिफारस असे. परंतु खेड्यात तापमापक कोठून आणावयाचा? पुढे सुमारे अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडविणेही सूत्रकृमींविरुद्ध उपयुक्त ठरले, आणि पाणी उकळले की नाही हे कोणासही दिसते. वेळ मात्र मोजून पाळावी. कंद अधिक काळ राहिल्यास शिजतो.

काळा करपा हे तेथील दुसरे संकट. 1963 साली फिजी बेटांतील सिगाटोका खोऱ्याजवळ प्रथम ओळखला गेलेला हा बुरशीजन्य रोग पुढे आफ्रिकेत पोहोचला. तो पाने अकाली वाळवितो आणि उत्पन्न तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटवितो. लहान शेतकऱ्यास वारंवार फवारणी परवडत नाही. सकस जमिनीतील केळ नवी पाने वेगाने काढते व थोडाफार तग धरते.

गोव्यातील कुळागरात नारळ-पोफळीच्या सावलीत राजेळी लावणाऱ्यास यातील बरेच ओळखीचे वाटेल. फरक पावसाचा आहे. तेथे पाऊस वर्षातील बहुतेक महिन्यांत विभागलेला असतो, तर आपल्याकडे तो मुख्यतः चार महिन्यांत कोसळून पुढे दीर्घ कोरडा काळ येतो. म्हणून पोफळीच्या झावळ्या व पालापाचोळा पाऊस ओसरताच, ओल असतानाच पसरावा. तो खोडास टेकवू नये, वीतभर अंतर सोडावे. अन्यथा सोंडकिड्यास आसरा मिळतो. घड उतरविल्यावर जुने खोड उभे न ठेवता चिरून, तुकडे करून सुकू द्यावे.

मुनवे निवडताना अरुंद, तलवारीसारख्या पानांचे, जोमदार बेटातील घ्यावेत. पाने आखूड होऊन शेंड्याशी झुबक्यासारखी उभी राहिली असतील, तर तो पर्णगुच्छ होय. उकळते पाणी या विषाणूवर चालत नाही. अशा बेटातील मुनवा शेजाऱ्यासही देऊ नये. प्रथम मावा मारण्यासाठी फवारणी करून मग संपूर्ण बेट कंदासह खणून नष्ट करावे.