बेसिनखालचा जलबंध

हात धुण्याच्या बेसिनखालची नळी सरळ खाली न जाता एकदा वाकून पुन्हा वर का चढते, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या वाकणास ट्रॅप म्हणतात. वापरलेले पाणी निघून गेले तरी त्यातील थोडेसे वाकणात मागे राहते. ट्रॅपची रचना अशी असावी लागते, की या पाण्याची खोली निदान ५० मिलिमीटर राहील. या पाण्यास जलबंध म्हणावे. गटारातील दुर्गंधी, वायू आणि कीटक यांना घरात येऊ न देणारा पहारेकरी तो हाच. लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली शौचकूपासाठी अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले. आपल्याकडे न्हाणीच्या जमिनीत बसविलेल्या ट्रॅपला कारागीर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात.

या पहारेकऱ्याचे शत्रू दोन. पहिला शत्रू नळीतील हवेचा दाब. तेलाच्या डब्यास एकच भोक पाडले तर तेल गचके खात बाहेर येते. दुसरे भोक पाडताच धार सरळ लागते, कारण बाहेर गेलेल्या तेलाची जागा घेण्यास हवेला वाट मिळते. सांडपाण्याच्या नळीचेही तसेच आहे. नळी भरून पाणी वेगाने खाली गेले, की त्याच्या मागे हवेचा दाब कमी होतो. मग खोलीतील हवेचा अधिक दाब जलबंधातील पाणी पुढे ढकलून देतो आणि ट्रॅप रिकामा होतो. म्हणून हवेसाठी निराळी नळी ठेवतात. ही वायुनलिका गच्चीच्या वर नेऊन तिच्या तोंडावर जाळी बसवितात.

ट्रॅपपासून वायुनलिका फार दूर असूनही चालत नाही. दोहोंमधील नळीचा उतार एकंदर नळीच्या व्यासापेक्षा जास्त झाला, तर वायुनलिकेचे तोंड ट्रॅपच्या काठाखाली जाते आणि हवेची वाट तुंबते. ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीस मीटरमागे सुमारे २ सेंटिमीटर उतार दिला, तर हे अंतर साधारण दीड मीटरच्या आत असावे. बेसिन बाहेरच्या भिंतीस लावण्याचा फायदा येथे दिसतो. भिंतीतून नळी बाहेर काढताच उभी नळी आणि वायुनलिका हाताशी सापडतात. अतिथंड देशांत मात्र अशा भिंतीत पाणी गोठून नळ्या फुटतात. म्हणून तेथे ट्रॅप खोलीच्या उबेत ठेवतात.

आपल्याकडे दुसरा शत्रू ऊन. झाशी जिल्ह्यातील चिरगाव हे कवी मैथिलीशरण गुप्त यांचे जन्मगाव. तेथे मे-जून महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवलाचे नाही, आणि कोरडी लू वाहत असते. अशा दिवसांत शाळा सुट्टीमुळे बंद राहिली, की न वापरलेल्या ट्रॅपमधील पाणी हळूहळू वाफ होऊन उडून जाते. नळी जागच्या जागी दिसते. पहारा मात्र उठलेला असतो.

हा धोका केवळ दुर्गंधीचा नाही. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स रोगाची ३२१ जणांना लागण झाली. तपासात अनेक न्हाणीघरांतील जमिनीचे ट्रॅप कोरडे आढळले. पंख्याच्या ओढीने त्या वाटेने दूषित तुषार घरांत शिरले असावेत, असे तपास करणाऱ्यांनी अनुमान काढले.

उपाय अगदी सोपा आहे. न वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक बेसिनमध्ये व न्हाणीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे. दीर्घ सुट्टीपूर्वी त्यावर चमचाभर तेल सोडल्यास त्याचा तवंग बाष्पीभवन मंद करतो. पाणी ओतल्यावरही वास येत राहिला, किंवा शेजारचा नळ सोडताच ट्रॅप गुडगुडू लागला, तर दोष बहुधा वायुनलिकेत आहे असे समजून ती तपासून घ्यावी.