रंधा यंत्राच्या पात्यांचे धारकोन : कर्जत-खालापूर परिसरातील लाकडांच्या संदर्भात

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. येथील पानझडी वनांत साग, ऐन, शिवण, तर वाडी-परसात आंबा व फणस आढळतात. या लाकडांचे गुणधर्म भिन्न असल्याने एकाच कोनाची धार सर्वांना मानवत नाही. धारकोनाच्या निवडीमागील तत्त्व स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तीन कोनांचा परस्परसंबंध :
पाती बसविलेल्या फिरत्या रुळाची त्रिज्या व पात्याची पुढील बाजू यांमधील कोनास 'रेक' म्हणतात. पात्याच्या दोन बाजूंमधील कोन हा धारकोन होय. मागील बाजू व कापला जाणारा पृष्ठभाग यांमधील कोन म्हणजे मोकळीक. या तिघांची बेरीज ९०° असते. उदाहरणार्थ, रेक ३०°, धारकोन ४०° व मोकळीक २०°. यांपैकी रेक रुळाच्या खाचेने निश्चित होतो. पात्याची मागील बाजू कितीही घासली तरी तो बदलत नाही.

लाकडानुसार निवड :
शिवणीसारख्या मऊ लाकडास वरील कोन योग्य ठरतात. आंबा व ऐन यांचे तंतू मात्र पुष्कळदा एकमेकांत गुंतलेले असतात. तेथे मोठा रेक तंतू कापण्याऐवजी उपटतो. यावर उपाय म्हणून मागील बाजू घासून धारकोन ५५° केल्यास रेक ३०° च राहतो आणि मोकळीक अवघी ५° उरते. पाते लाकडावर घासून तापते, लाकूड करपते व कारागिरास ते जोराने रेटावे लागते. हात घसरून अपघात होण्याचा संभव येथेच वाढतो. त्याऐवजी पुढील बाजूस १५° चा अरुंद उतार दिल्यास रेक १५°, धारकोन ५५° व मोकळीक २०° असा मेळ साधतो.

सागाचा प्रश्न निराळा आहे. त्यातील सिलिका धार लवकर बोथट करते. त्यासाठी कार्बाइडची पाती टिकाऊ ठरतात. परंतु हा पदार्थ ठिसूळ असल्याने त्यांचा धारकोन मोठा ठेवावा लागतो.

निष्कर्ष :
धार लावण्यापूर्वी लाकूड, पात्याचा धातू व रुळाचा रेक या तिन्ही बाबी तपासणे आवश्यक आहे. कोणताही कोन बदलताना पुरेशी मोकळीक राखली, तरच कामाचा दर्जा व कारागिराची सुरक्षितता दोन्ही साधतात.