लेझर कटर घेण्याआधी घराची खिडकी बघा

रमजान सुरू होण्याआधी आंबिवलीला आपाच्या घरी माझी एक फेरी ठरलेली असते. या वेळी चहा येण्याआधीच भाच्याने मोबाइल पुढे केला. "खाला, हे लेझर मशीन बघा. नावाच्या पाट्या, रेहल, निकाहच्या भेटवस्तूंचे डबे, सगळं घरी कापता येईल. ऐंशी हजारांत मिळतंय."

आपाची भिशी त्याच महिन्यात लागणार होती. शिलाईतून एकेक रुपया वाचवून भरलेली भिशी. घर दोन खोल्यांचे. आतल्या खोलीत दम्याने हैराण दादी आणि सहा वर्षांची धाकटी. मी भाच्याला एकच विचारले, "धूर कुठून जाणार?" त्याने इकडेतिकडे पाहिले. विक्रेत्याने दाखवलेल्या व्हिडिओत धुराचा विषयच नव्हता.

मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला तेव्हापासून घरच्या धंद्याचे मोल या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पोराचा उत्साह मोडायचा नव्हता. पण भिशीही बुडवायची नव्हती. म्हणून आम्ही पंधरा दिवस घेतले, दुकाने पाहिली, जाणकारांना विचारले. त्यातून जे कळले ते इथे देत आहे, कारण आज हा प्रश्न बऱ्याच घरांत निघतो.

घरगुती कामासाठी परवडणारी मशीन मुख्यतः दोन जातींची. एक डायोडची. तिचा किरण निळा दिसतो. प्लाय, पुठ्ठा, चामडे, काळे ॲक्रिलिक यांवर ती चालते. पारदर्शक ॲक्रिलिक मात्र ती कापत नाही, निळा प्रकाश त्यातून आरपार निघून जातो. दुसरी कार्बन डायऑक्साइड वायूच्या काचेच्या नळीची. तिचा किरण डोळ्यांना दिसतच नाही, आणि पारदर्शक ॲक्रिलिक ती लोण्यासारखे कापते. या दुसऱ्या जातीचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी लावला. त्यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगचे शिक्षण पुण्याचे. हे ऐकून भाचा इतका खूश झाला की तेच मशीन घ्यायचे म्हणून अडून बसला!

त्याच्या मनात होते ते 'के-४०' नावाने विकले जाणारे चिनी मशीन. कापायची जागा साधारण ३० बाय २० सेंटिमीटर. या मशीनला नुसती जागा देऊन भागत नाही. नळी थंड ठेवायला पाणी सतत फिरते ठेवावे लागते, तेही नळाचे नव्हे, डिस्टिल्ड. पाणी थांबले आणि किरण चालू राहिला तर नळी तडकते. आपाच्या घराला वर पत्रा. मे महिन्यात बादलीतले पाणी दुपारपर्यंत कोमट होणार, म्हणजे बर्फाच्या बाटल्या नाहीतर चिलर, म्हणजे आणखी खर्च. शिवाय नळी ही झिजणारी वस्तू आहे, हजार-दोन हजार तासांनी बदलावी लागते. सगळ्यांत मोठी गोष्ट अर्थिंगची. या मशीनमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो. जुन्या चाळीत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या पिनेला मागे तारच जोडलेली नसते. आपाच्या घरी वायरमनला बोलावले तेव्हा तेच निघाले. असे मशीन घेणार असाल तर वायरमन आधी, मशीन नंतर.

डायोडमध्ये फसगत होते ती वॅटची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '४० वॅट' लिहिलेले असते, पण कित्येकदा तो मशीन खात असलेल्या विजेचा आकडा असतो. किरणाची खरी ताकद ५ किंवा १० वॅटच निघते. म्हणून 'ऑप्टिकल आउटपुट किती?' असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. खऱ्या १० वॅटमध्ये ३ मिलिमीटर प्लाय कापला जातो. वेळ लागतो, पण घरच्या धंद्याला पुरते.

स्वस्त डायोड मशीन बहुतेक वेळा उघड्या सांगाड्याची असते. लहान मूल असलेल्या घरात ती आणूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो निळा किरण, किंवा चकचकीत वस्तूवरून उसळलेला त्याचा भाग, थेट डोळ्याच्या पडद्यावर पोहोचतो आणि झालेली इजा भरून येत नाही. सोबत मिळणाऱ्या हिरव्या चष्म्यावर नॅनोमीटरचा आकडा छापलेला नसेल तर त्यावर विसंबू नये. बंद झाकणाचे, झाकण उघडताच किरण थांबणारे मशीन थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे.

धुराचा पाइप खिडकीबाहेर काढावा आणि पंखा मशीनजवळ नव्हे, खिडकीकडच्या टोकाला बसवावा. मग पाइपला कुठे भोक असले तरी धूर घरात गळत नाही, उलट घरातली हवा आत ओढली जाते. खिडकी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरासमोर उघडत असेल तर त्यांच्याशी आधीच बोलून घ्या, नंतरचे भांडण वाचते. मशीन चालू असताना जागचे हलायचे नाही. प्लाय कधी पेट घेईल सांगता येत नाही. अजान झाली तर मशीन बंद करून मगच वुजूला उठावे.

आता रेक्झिन. आपा पर्स शिवते, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार रेक्झिन कापायचा आला. पण बाजारातले बरेचसे रेक्झिन पीव्हीसीचे असते. लेझरखाली त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसे जाळतो आणि मशीनचे लोखंडही गंजवतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. घराबाहेर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, रेक्झिनला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर तो तुकडा लेझरला कधीच लावू नका. आपाकडच्या पाच नमुन्यांत चार हिरवे निघाले. पर्स पुन्हा कात्रीवरच आल्या.

आपल्या घरांत मागणी जास्त ती अरबी-उर्दू अक्षरांची, आणि त्यात वेगळीच गंमत आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये ही अक्षरे सुटी सुटी आणि उलट्या क्रमाने उमटतात. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लिहून, अक्षरांचे रेषाचित्र करून मग मशीनला द्यावे. आणि कापण्याआधी नीट वाचता येणाऱ्या कोणाला तरी दाखवावे. दुसरी अडचण नुक्त्यांची. अक्षर कापले की बे, ते, नून यांचे नुक्ते सुटे होऊन जाळीतून खाली पडतात. एक तर ते मागच्या पाटीवर वेगळे चिकटवायचे, नाहीतर बारीक पट्टीने अक्षराला जोडून ठेवायचे. आयतीचे उरलेले तुकडे केरात जाऊ नयेत म्हणून आपाने वेगळी पिशवीच टांगली आहे.

पैशांचे म्हणाल तर पीएमईजीपी योजनेत नव्या उद्योगाला अनुदान आहे. अल्पसंख्याक आणि महिलांना शहरात प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के, स्वतःचा वाटा ५ टक्के. पण बाकीचे बँकेचे कर्ज व्याजाचे असते. आपाला ते नको होते, म्हणून तो रस्ता आम्ही सोडला.

मग आम्ही काय केले? दोन महिने मशीन घेतलेच नाही. नकाशे घरी बनवून उल्हासनगरच्या एका दुकानातून मिनिटाच्या दराने कापून आणले. दहा ऑर्डरींतल्या आठ प्लायच्या होत्या, पारदर्शक ॲक्रिलिकच्या फक्त दोन. तेवढ्यावरून निर्णय झाला. १० वॅटचे, बंद झाकणाचे डायोड मशीन आले, भिशीतले निम्म्याहून जास्त पैसे शिल्लक राहिले. ॲक्रिलिकचे काम अजूनही उल्हासनगरला जाते. मशीन बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून आहे, दादींच्या खोलीचे दार कामाच्या वेळी बंद.

पहिल्याच आठवड्यात एका पाटीचे दोन नुक्ते हरवले. धाकटीने ते मशीनच्या जाळीखालून चिमट्याने शोधून काढले, मशीनची पिन काढून ठेवल्यावर.