मायक्रोमीटर, द्राक्षं आणि देशाची प्रगती

सुरुवातीलाच एक कबुली देते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे आईशी भांडण्यापुरतं आणि मेसच्या मावशींकडून जास्तीची पोळी मागण्यापुरतं. त्यामुळे चुका दिसल्या तर पदरात घ्या. विषय मात्र मी मनापासून निवडलाय - क्वालिटी इन्फ्रास्ट्रक्चर.

हे ऐकून माझी रूममेट म्हणाली, "म्हणजे चांगल्या क्वालिटीचे रस्ते ना?" नाही. रस्ते, पूल, धरणं ही पायाभूत व्यवस्था सगळ्यांना दिसते, त्यांची उद्घाटनं होतात, फिती कापल्या जातात. मी म्हणतेय ती व्यवस्था दिसत नाही. वजनं-मापं, मालाची मानकं, तो माल तपासणाऱ्या प्रयोगशाळा, आणि त्या प्रयोगशाळांवर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या संस्था, हे सगळं मिळून क्वालिटी इन्फ्रास्ट्रक्चर. मलाही ते मेट्रॉलॉजीच्या व्हायवापुरतंच माहीत होतं. खरं कळलं ते इंटर्नशिपमध्ये.

गेल्या उन्हाळ्यात मी भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जात होते. आठ माणसं, तीन लेथ, एक ग्राइंडर, आणि मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात. तिथे एका मोठ्या कंपनीसाठी ३० मिलिमीटर व्यासाच्या पिना बनत होत्या. ड्रॉइंगवर टॉलरन्स एच-सेव्हन, म्हणजे व्यास २९.९७९ पेक्षा कमी नको आणि ३०.००० पेक्षा जास्त नको. एकवीस मायक्रॉनची फट. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा.

सहाशे पिनांचा लॉट गेला आणि चौथ्या दिवशी त्याच टेम्पोतून परत आला. कारण लिहिलं होतं, 'अंडरसाइज'. पिना पाच-सहा मायक्रॉनने बारीक! काकांचा विश्वासच बसेना. आमच्या डिजिटल मायक्रोमीटरवर त्याच पिना २९.९८८ दाखवत होत्या, अगदी मधोमध. ग्राइंडरवरचे मामा वीस वर्षं हेच काम करतायत. ते हातातली पिन फिरवत म्हणाले, "मशीन चुकलं नाही, मी चुकलो नाही, मग चुकलं कोण?"

चुकला होता एक स्टीलचा दांडका. २५ ते ५० मिलिमीटरच्या मायक्रोमीटरचे जबडे पूर्ण मिटत नाहीत, म्हणून त्याचा झीरो लावायला २५ मिलिमीटरचा एक मास्टर असतो. रोज सकाळी मामा न चुकता त्या मास्टरवर झीरो लावत. पण त्या मास्टरला कधीतरी गंज चढला होता आणि कोणीतरी चांगल्या भावनेने तो पॉलिश पेपरवर घासून चकाचक केला होता. पंधरा मायक्रॉन गेले. आता मास्टरच पंधरा मायक्रॉन कमी म्हटल्यावर मायक्रोमीटर प्रत्येक पिन पंधरा मायक्रॉन जास्त दाखवणार. खरा व्यास २९.९७३. म्हणजे रोज तपासणी होत होती आणि रोज तीच चूक नव्याने पक्की होत होती.

पिना जाड असत्या तर परत ग्राइंड करता आल्या असत्या. बारीक झालेल्या हार्डन केलेल्या पिनेचं काय करणार? हार्ड क्रोम करून जाडी वाढवता येते, पण ते परवडणारं नव्हतं. सहाशे पिना किलोच्या भावाने भंगारात गेल्या आणि त्या महिन्यात सगळ्यांचा ओव्हरटाइम बंद झाला. मास्टर कॅलिब्रेट करून घ्यायला लागले असते काही शे रुपये.

आता हा मास्टर कॅलिब्रेट करतात म्हणजे नक्की काय करतात? तो प्रयोगशाळेत जातो. तिथे त्याची तुलना स्लिप गेजशी होते (तेच, जे आपल्या लॅबमध्ये कपाटात कुलपात असतात आणि आपल्याला फक्त लांबून दाखवतात). ती स्लिप गेजं त्यांच्याहून अचूक संदर्भाशी ताडलेली असतात, आणि असं एकेक पायरी चढत आपण दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीपर्यंत पोहोचतो. तिथे मीटर म्हणजे कुठली पट्टी नव्हे. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशावर आहे: निर्वातात प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितकं अंतर जातो तो एक मीटर. म्हणजे भोसरीच्या गाळ्यातल्या पिनेचं नातं थेट प्रकाशाच्या वेगाशी! या साखळीला ट्रेसेबिलिटी म्हणतात. व्हायवाला मी ही व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली होती. साखळीची एक कडी तुटली की काय होतं ते मात्र टेम्पो परत आला तेव्हा समजलं.

प्रयोगशाळेवर तरी विश्वास का ठेवायचा? ते बघणारी संस्था म्हणजे एनएबीएल, १९८८ साली सुरू झालेली. तिचे असेसर येऊन उपकरणं, माणसं, पद्धती, सगळं आयएसओ १७०२५ या मानकानुसार तपासतात. २००० साली अशा संस्थांनी एक आंतरराष्ट्रीय करार केला, एकमेकांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळांचे रिपोर्ट मान्य करायचे म्हणून. त्यात एनएबीएलही होती. अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने मला ही गोष्ट फार मोठी वाटते. नाहीतर पुण्यात तपासलेला माल जर्मनीत पुन्हा तपासा, जपानमध्ये तिसऱ्यांदा तपासा. मोठी कंपनी तो खर्च सोसते. काकांसारख्याला जमणार नाही, आणि त्यांचा माल कितीही चांगला असला तरी तो चांगला आहे हे त्यांना सिद्धच करता येणार नाही.

जरा इतिहासात डोकावू. आपल्याकडे पूर्वी मण म्हणजे किती, याचं उत्तर तुम्ही कुठे उभे आहात त्यावर होतं. इंग्रजांच्या काळात मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून जास्त! व्यापाऱ्याला याचा फायदा, शेतकऱ्याचं नुकसान. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला, १९५७ साली नवे पैसे आले, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि मीटर बाजारात आले. माझी आजी अजून पायली आणि शेरातच बोलते, तो भाग वेगळा. पण एक देश, एक बाजार म्हणायचं तर आधी एकच किलो लागतो.

मानकांचंही तसंच. १९०४ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात मोठी आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, पण अनेकांच्या पाइपांच्या कपलिंगचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. माणसं होती, पाणी होतं, बंब होते, आणि पंधराशेहून जास्त इमारती जळाल्या. आपल्याकडे इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन स्वातंत्र्याच्याही आधी, जानेवारी १९४७ मध्ये स्थापन झाली. तिचं पहिल्या क्रमांकाचं मानक, आयएस १, आपल्या राष्ट्रध्वजाचं आहे. १९८७ पासून ती ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्स झाली, तरी लोक अजून 'आयएसआय मार्क'च म्हणतात. तुमच्या रूममधली इस्त्री, गीझर, पाण्याची सीलबंद बाटली बघा, मार्क सापडेल. आणि रस्त्यावर स्वस्तात मिळणारं हेल्मेट घालून फिरणाऱ्या बॉइज हॉस्टेलच्या बंधूंनो, १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदेशीर आहे. पोलिसाला दाखवायला ते चालेल, डोक्याला चालणार नाही.

आता द्राक्षं. माझी रूममेट निफाड तालुक्यातली, घरची बाग आहे. हा लेख लिहिताना तिने तिच्या बाबांना फोन लावून दिला आणि मी पाऊण तास फक्त ऐकत होते.

युरोपात द्राक्षं पाठवायची तर कीटकनाशकाचे अंश ठरलेल्या मर्यादेच्या आत लागतात. २००३ साली आपल्या द्राक्षांत ते जास्त सापडल्यावर अपेडाने अंश तपासणीची योजना सुरू केली, आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात त्यासाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा झाली. २००६ मध्ये ग्रेपनेट आलं. प्रत्येक बागेची नोंदणी, प्रत्येक प्लॉटला नंबर, प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेणार, रिपोर्ट पास झाला तरच पुढचे दाखले. युरोपातल्या दुकानातली पेटी कुठल्या गावच्या कुठल्या प्लॉटची हे शोधता यायला लागलं. आपल्या सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनी याचा अभ्यास करावा असं मला वाटतं, प्रोजेक्टसाठी उगाच लायब्ररी मॅनेजमेंट करत बसण्यापेक्षा.

तरीही २०१० साली गडबड झाली. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, हे वाढ रोखणारं रसायन. छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून घड चांगला यावा म्हणून शेतकरी ते वापरत. युरोपात द्राक्षातली त्याची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच! शेतकऱ्यांचे रिपोर्ट पास होते. कंटेनर समुद्रातून युरोपात पोहोचले आणि तिथे अडकले. रूममेटचे बाबा म्हणाले, "पोरी, मी तपासणीचे पैसे भरले, रिपोर्ट चांगला आला, तो मी देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता. मग माझं काय चुकलं?" निर्यातदाराने त्यांचे पैसे थांबवले. सोसायटीचं कर्ज फिटायला पुढचे चार हंगाम गेले, आणि रूममेटच्या मोठ्या ताईचं इंजिनिअरिंगला जायचं राहून गेलं. ती डिप्लोमाही न करता बीए झाली. हे रूममेटने मला फोन ठेवल्यावर सांगितलं.

मला लगेच मामा आठवले, हातातली पिन फिरवणारे. यादीच अपुरी असेल तर पास झालेला रिपोर्ट आणि घासलेला मास्टर यांत फरक काय?

त्यानंतर सीसीसी यादीत आलं आणि तपासणी कडक झाली. आज नाशिक-सांगलीची द्राक्षं युरोपात जातात ती या व्यवस्थेच्या जोरावर. हापूसचंही थोडं तसंच. अमेरिकेचा बाजार २००७ मध्ये उघडला तो लासलगावच्या विकिरण केंद्राला त्यांनी मान्यता दिल्यावर. मुळात कांद्या-बटाट्यासाठी उभारलेलं केंद्र आंब्याच्या कामी आलं.

म्हणजे शिक्के वाढवले की देश पुढे गेला, असं माझं म्हणणं आहे का? नाही. शिक्क्याला खर्च येतो, आणि तो लहान माणसाला जास्त जड जातो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा मार्क सक्तीचा झाला. मुलं खेळणी तोंडात घालतात, तेव्हा ते योग्यच. पण घरात लाकडी बाहुल्या करणाऱ्याने प्रयोगशाळा कुठून उभी करायची? शेवटी नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट द्यावी लागली. प्रयोगशाळा जवळ नसताना सक्ती केली तर चांगला माल तयार होत नाही, नुसते कागद तयार होतात. गेटवर भला मोठा आयएसओचा बोर्ड आणि आत ऑडिटच्या आदल्या रात्री मागच्या सहा महिन्यांची रजिस्टरं भरणारी माणसं, हे दृश्य इंटर्नशिप केलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. (आपली जर्नल्स आपण कधी पूर्ण करतो ते इथे लिहीत नाही, सर लोकसुद्धा वाचतात.)

म्हणून मला वाटतं की सरकारने मानकं जरूर करावीत, पण त्याबरोबर प्रत्येक एमआयडीसीत, प्रत्येक मोठ्या बाजार समितीजवळ परवडणारी प्रयोगशाळा हवी. आणि यादी कोण ठरवतं, ती दर हंगामात कोण तपासतं, हे शेतकऱ्याला आधी कळायला हवं, कंटेनर सुटल्यानंतर नाही. आपल्यासारख्यांना इथे कामही भरपूर आहे. प्लेसमेंटच्या वेळी कॅलिब्रेशन किंवा टेस्टिंग लॅबचं नाव आलं की सगळे नाक मुरडतात, मीसुद्धा मुरडलं असतं.

मागच्या महिन्यात इंटर्नशिपचं सर्टिफिकेट आणायला भोसरीला गेले होते. काकांनी नवीन मास्टर घेतलाय, एनएबीएलच्या स्टिकरसकट, आणि तो लाकडी डबीत तेलाच्या कापडात गुंडाळून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात. जुना घासलेला ग्राइंडरच्या वर तारेने टांगलाय. मी नवीन बघायला मागितला तर मामा म्हणाले, "बघ, पण हात लावू नकोस. घाम लागला की गंजतो."