घर अमेरिकेत, सेवा नगर जिल्ह्यात

शेवगाव तालुक्याला लागून असलेल्या नेवासे तालुक्यातील वडाळा बहिरोबा हे गाव एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे महत्त्वाचे ग्रामीण ठाणे होते. ठाणे म्हणजे मिशनरी कुटुंब जिथे कायम वस्तीला राहून आसपासच्या खेड्यांत शाळा, औषधोपचार आणि उपासना चालवीत असे ते केंद्र. या मिशनच्या शाळा, रुग्णालये आणि दुष्काळी कामे यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र ज्यांनी ही कामे उभी केली, त्यांचे म्हातारे आईवडील आणि पुढे त्यांची शाळकरी मुलेही हजारो मैलांवर असत, आणि सेवा व संसार यांचा मेळ घालताना त्यांना काय सोसावे लागले, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

परदेशांत धर्मप्रसारक पाठविण्यासाठी १८१० मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘अमेरिकन बोर्ड’ या, हे मिशन चालविणाऱ्या मंडळाचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले आणि १८३१ च्या डिसेंबरात त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदनगर येथे ठाणे उघडले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला होण्यापूर्वी शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत व प्रवासाला चार-पाच महिने लागत, त्यामुळे घरच्या मृत्यूची बातमी येईपर्यंत तिकडचे दुःख जुने झालेले असे. पहिल्या तुकडीतील हॅरिएट न्यूएल हिचे मूल प्रवासातच गेले आणि ती स्वतः १८१२ मध्ये मॉरिशसला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वारली. मुंबईच्या गॉर्डन हॉल यांनी १८२५ मध्ये पत्नी व मुलांना अमेरिकेस पाठविले, स्वतः कामासाठी मागे राहिले आणि पुढच्याच वर्षी नाशिककडील दौऱ्यात पटकीने मरण पावले. नगरचे ठाणे उघडणाऱ्यांपैकी विल्यम हर्वी यांनाही १८३२ मध्ये त्याच रोगाने गाठले.

मृत्यूपेक्षाही अवघड होता तो मुलांचा प्रश्न. नगर किंवा वडाळ्यास जन्मलेली ही मुले घरातल्या नोकरमाणसांकडून आणि आवारातल्या सवंगड्यांकडून मराठी सहज उचलत; परंतु इथला उन्हाळा व तापाच्या साथी त्यांना झेपत नसत आणि अमेरिकेतील उच्च शिक्षणाची तयारी करून घेणारी शाळाही जवळ नव्हती. त्यामुळे मूल दहा-बारा वर्षांचे झाले की त्याला अमेरिकेत नातेवाइकांकडे ठेवावे, आईने त्याच्याबरोबर जाऊन नवऱ्याला इथे एकटे सोडावे, की दोघांनीही काम टाकून परतावे, असा पेच जवळजवळ प्रत्येक घरापुढे उभा राही. बहुतेकांनी पहिला मार्ग धरला आणि त्यातून मिशनरींच्या मुलांसाठी खास वसतिगृहे निघाली; मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्नडेल येथील वॉकर मिशनरी होम १८६८ मध्ये सुरू झाले, तर ओहायोतील ओबर्लिन येथील टँक होम त्याच शतकाच्या अखेरीस. अनेक वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी ‘फर्लो’ ही दीर्घ रजा म्हणजे मुलांना भेटण्याची मोठी संधी असे. पण त्या रजेतही गावोगावच्या मंडळ्यांपुढे भाषणे करून कामासाठी निधी जमवावा लागत असल्यामुळे निवांत सहवास थोडाच मिळे.

ह्यूम घराण्याची हकिगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे संपादन करणारे रॉबर्ट विल्सन ह्यूम प्रकृती ढासळल्यामुळे मायदेशी निघाले असताना १८५४ मध्ये समुद्रातच वारले, आणि त्यांची पत्नी हॅना हिने परक्यासारख्या झालेल्या स्वदेशात मुलांना एकटीने वाढविले. त्यांपैकी १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेला रॉबर्ट ॲलन हा मुलगा येल विद्यापीठात शिकून १८७४ मध्ये नगरला आला. १८८१ मध्ये त्याची पत्नी ॲबी हिचे निधन झाले, तरी त्याने नगर सोडले नाही. १८९९–१९०० च्या दुष्काळातील मदतकार्याबद्दल सरकारने त्याला कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. ज्या सेवेच्या काळात वडिलांचे छत्र हरपले तीच सेवा मुलाने पत्करावी, यात आईने घरी जपलेल्या आठवणींचा आणि संस्कारांचा वाटा मोठा असला पाहिजे.

वडाळ्याचे सॅम्युएल बेकन फेअरबँक १८४६ मध्ये या देशात आले आणि खेड्यांतील शाळा, शेतीसुधारणा व पक्षिनिरीक्षण या सर्वांत रमले. दक्षिणेतील पळणी डोंगरांत आढळणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आजही आहे. हे डोंगर मिशनरी कुटुंबांना कोडाईकनालमुळे जवळचे झाले होते, कारण उन्हाळ्यात बायकामुलांना थंड हवेत नेणे हा प्राण वाचविण्याचा उपाय होता. तेथे १९०१ मध्ये मिशनरींच्या मुलांसाठी शाळा निघाली आणि मुलांना शिक्षणासाठी समुद्रापार धाडण्याची वेळ काही वर्षांनी तरी पुढे ढकलता आली. फेअरबँक यांची पत्नी मेरी ही नगरचे हेन्री बॅलंटाइन यांची मुलगी, आणि फेअरबँक यांची मुलगी केटी ही पुढे रॉबर्ट ह्यूम यांची दुसरी पत्नी झाली. मूळ घर दूर असलेल्या या माणसांनी अशा सोयरिकींतून नगर जिल्ह्यातच आपला गोतावळा उभा केला.

स्त्रियांच्या वाट्याला आलेले ओझे दुहेरी होते. अविवाहित सिंथिया फेरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शिक्षणात राहिल्या आणि १८६२ मध्ये तेथेच वारल्या; सावित्रीबाई फुले यांच्या शिक्षक-प्रशिक्षणाशी त्यांचे नाव जोडले जाते. मिशनरींच्या पत्नी मात्र शाळा, आजारी माणसे आणि स्वतःची मुले असे सारे सांभाळीत असूनही मंडळाच्या दृष्टीने बराच काळ केवळ साहाय्यक होत्या. त्यांच्या मुलींनी ही चौकट मोडली. नगरच्या बिसेल कुटुंबातील ज्युलिया ही डॉक्टर होऊन परतली, तिच्यामागून रॉबर्ट ह्यूम यांची मुलगी डॉ. रूथ आली, आणि त्यांच्या कामातून वाढलेले स्त्रियांचे रुग्णालय नंतर साल्व्हेशन आर्मीकडे गेले. तेच आज ‘बूथ हॉस्पिटल’ म्हणून जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे.

कॅथलिक धर्मगुरू ब्रह्मचर्याचे व्रत घेत असल्यामुळे पत्नी-मुलांचा प्रश्न त्यांना नव्हता, परंतु आईवडील आणि भावंडे त्यांनाही होती. स्वित्झर्लंडमध्ये १९२४ मध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर हरमन बाखर १९४८ मध्ये भारतात आले, नगर जिल्ह्यातील दुष्काळी गावांत पाणलोट विकासाचे, म्हणजे पावसाचे पाणी माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडवून जिरविण्याचे काम त्यांनी गावकऱ्यांच्या श्रमातून रुजविले आणि २०२१ मध्ये मायदेशी त्यांचे निधन झाले.

या ताटातुटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचे घर जातीच्या रूढीमुळे दुभंगले आणि लक्ष्मीबाईंना काही वर्षे पतीपासून वेगळे राहावे लागले. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मिशनरीचे घर समुद्राने तोडले, तर नव्या ख्रिस्ती माणसाचे घर त्याच्याच गावात तुटले, आणि दोन्हीकडे त्याची सर्वांत मोठी किंमत ज्यांना निर्णयात फारसे विचारले गेले नाही अशा बायकांनी व मुलांनी मोजली. शेवगाव-पाथर्डी भागातील जी ऊसतोड कुटुंबे दर हंगामात मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून कारखान्याची वाट धरतात, त्यांची कारणे पोटाची असली तरी हा विरह त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

वैयक्तिक त्यागावर कोणतीही सेवा फार काळ टिकत नाही. रजा, वसतिगृहे, थंड हवेची ठिकाणे आणि जवळची शाळा अशा व्यवस्था झाल्या तेव्हाच नगरचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू शकले, हा या इतिहासाचा खरा निष्कर्ष आहे. त्या काळच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी आणि जुन्या थडग्यांवरील लेख हे या कुटुंबांचे मोलाचे पुरावे आहेत. नगर, नेवासे आणि शेवगाव येथील महाविद्यालयांनी व मंडळ्यांनी जेथे जेथे ते उरले असतील तेथून त्यांची छायाचित्रे आणि नकला करून ठेवाव्यात, आणि हे काम पुढच्या पिढीवर ढकलू नये.